गौरी होऊन बसलेली रोपं

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. सून काय शिकवते असं कुणा पाहुण्यानं विचारलं की त्या "चिखल" एवढंच सांगतात आणि चहा टाकायला उठतात. त्यांचं तसं काही चुकत नाही. माझ्या खोलीच्या दारावर वनस्पतिशास्त्र असं लिहिलेलं असलं तरी नोकरीतली बरीचशी वर्षं मी तळ्यांच्या आणि ओढ्यांच्या काठी, घोटाभर चिखलात उभी राहून काढली आहेत. गावी गेले की माझ्या चपलांना आजही उंबऱ्याबाहेरच थांबावं लागतं.

सासर कोल्हापूरला अगदी खेटून आहे. लग्न होऊन आले तेव्हा शहर आणि गाव यांच्यामध्ये उसाचे फड होते, आता प्लॉट आहेत. गावाच्या खालच्या अंगाला एक तळं आहे. आत्तींच्या उमेदीच्या काळात त्याचं पाणी प्यायला आणत. मी आले तेव्हा त्यात म्हशी डुंबायच्या. पुढे नव्या कॉलनीचं सांडपाणी त्यात सोडलं आणि म्हशींनीही ते टाकलं. मग केंदाळ माजलं. लांबून बघणाऱ्याला हिरवंगार मैदान वाटावं असं ते दिसायचं, आणि गावातली माणसं नाकाला पदर नाहीतर रुमाल लावून तिथून पुढे सटकायची.

मग एकदा गावानं तळ्याचं सुशोभीकरण करायचं ठरवलं. या शब्दाची मला धडकीच भरते. चारी बाजूंनी दगडी भिंत, वरती रंगीत फरशी, मध्ये कारंजं, आणि कडेला सेल्फी काढायला एक कमान, असा बेत होता. मी गावसभेत उभी राहिले. पंचगंगा पात्राबाहेर पडली की ते पाणी कुठंतरी मावायला हवं, मावायच्या जागा आपण एकेक करून बुजवत आणल्यात, आणि उरलेल्यांना दगडी चौकट ठोकतोय, हे मी बरंच चढ्या आवाजात सांगितलं. चढ्या आवाजात सांगितलं म्हणून तर ऐकलं. आमच्याकडे हळू बोलणारा माणूस लोकांना आजारी वाटतो. शेवटी तीन बाजू त्यांना आणि एक काठ आम्हाला, म्हणजे माझ्या विभागाला, अशी तोड निघाली. आमच्या वाट्याला सांडपाण्याच्या नाल्याकडचा काठ आला, कारण तो कुणालाच नको होता.

मला तोच हवा होता. नाल्याच्या तोंडाशी पाणकणीस आणि वेखंड लावायचं, उतारावर लव्हाळा. नाल्याचं पाणी त्यांच्यातून वाट काढताना मंदावतं, घाण खाली बसते, मुळं त्यातलं हवं ते उचलतात. मातीचा मोकळा काठ पुराचं पाणी पिऊन घेतो आणि उन्हाळ्यात हळूहळू सोडतो. शिवाय झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन अशा ओल्या गाळात वर्षानुवर्षं पडून राहतो, नाहीतर तो पुन्हा हवेत जाऊन उकाड्यात भर टाकतो. याला आता जगभर मोठमोठी नावं आहेत. तापत चाललेल्या हवेवर निसर्गाकडूनच उपाय करून घ्यायचा, एवढा त्यांचा अर्थ. आत्तींना मी हे सगळं एकदा समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे तळं होतं तसं करायचं.

या काठावर काम करायला माझ्याकडे एक विद्यार्थिनी आली. जयसिंगपूरकडची. पाणी जास्त पाजून पाजून क्षारानं पांढऱ्या पडलेल्या जमिनी तिनं लहानपणापासून पाहिल्या होत्या, त्यामुळे पाणी आणि माती यांचं कुठं बिनसतं हे तिला पुस्तकातून शिकवावं लागलं नाही. अंगानं एवढीशी, जाड चष्मा, बोलणं तोलूनमापून, आणि हट्टीपणात मला भारी. पहिल्या दिवशी तळ्याच्या जुन्या पायऱ्यांवर उभी राहून ती सहज म्हणाली की तिच्या आज्जीला त्यांच्या गावच्या तळ्याला हात लावायची मुभा नव्हती. घागर घेऊन काठावर थांबायचं, आणि कुणाला वाटलं तर तो वरून पाणी ओतणार. एवढं सांगून ती पायऱ्या उतरली आणि तिनं पाण्याचा नमुना बाटलीत भरून घेतला.

तिचं सामान आत्तींच्या सोप्यात राहायचं आणि दुपारचं जेवणही तिथंच व्हायचं. आत्तींनी पहिल्या आठवड्यातच तिचं गाव, घर, आडनाव सगळं विचारून घेतलं. त्या सगळ्यांचंच विचारतात, आणि ते विचारणं कशासाठी असतं हे मलाही ठाऊक होतं आणि पोरीलाही. आम्ही बौद्ध, असं तिनं सरळ सांगून टाकलं. आत्ती भाकरी थापता थापता थांबल्या. माझी भांडणाची तयारीसुद्धा झाली होती. मग आत्तींनी विचारलं, वांगं खातीस न्हवं? ती म्हणाली, खाते की. त्या दिवसापासून पहिली भाकरी तिच्या ताटात पडायला लागली आणि मी दुसऱ्या नंबरवर गेले.

तिचा प्रश्न छोटा आणि नेमका होता. लव्हाळा आणि वेखंड मुळं धरायला वेळ घेतात. तोवर धो धो पाऊस नवा काठ धुऊन नेतो. पण त्याच पावसात, कुणी न लावता, तेरडा भराभर उगवून येतो. पक्की झाडं उभी राहीपर्यंत हा चार महिन्यांचा पाहुणा माती धरून ठेवतो का? ठेवत असेल तर तळी दुरुस्त करताना बाहेरून काही आणायची गरजच नाही, तेरड्याचं बी पेरलं की काम भागलं. त्यासाठी तिनं नाल्यापासून पलीकडच्या टोकापर्यंत चौकोन आखले होते. प्रत्येक चौकोनातली काही रोपं निवडून ती दर आठवड्याला त्यांची वाढ मोजायची. फुलं सरली की, दसऱ्याच्या सुमाराला, तीच रोपं मुळासकट काढायची, वाळवायची आणि मुळांचं वजन करायचं. सगळा जीव त्या शेवटच्या वजनात होता.

पहिल्या पावसाळ्यात पूर आला आणि चौकोनांसकट सगळं घेऊन गेला. दुसऱ्या वर्षी तिनं निवडलेल्या रोपांना ओळखीसाठी निळ्या प्लास्टिकच्या फिती बांधल्या आणि गावातल्या शेळ्यांना त्या फिती रोपांपेक्षा जास्त आवडल्या. आता तिसरा पावसाळा. तिची शिष्यवृत्ती त्या वर्षाअखेर संपणार होती आणि आणखी एक पावसाळा मागून घेण्याचे सगळे मार्ग मी चोखाळून पाहिले होते. या वेळी रोपं हातची गेली तर प्रबंधही गेला. ती हे कधी बोलून दाखवत नसे, पण काठावर शेळी दिसली की हातातलं काम टाकून पळत सुटायची.

तिचं ते पळणं बघून आत्तींनाच दया आली. देव्हाऱ्याखालच्या डब्यातून त्यांनी हळदीत बुडवलेल्या सुताची गुंडी काढून तिच्या हातात ठेवली. शेरडं हळदीला तोंड लावत न्हाईत, म्हणाल्या. कुठल्या रोपांना बांधणार ते त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पोरगी डोकेबाज. नाल्याकडच्या रोपांच्या दोऱ्याला तिनं एक गाठ मारली, मधल्यांना दोन, पलीकडच्यांना तीन. पावसानं हळद उतरली की पुन्हा नवा दोरा. शेळ्यांनी खरोखरच तोंड लावलं नाही, आणि श्रावण संपला तेव्हा तिचा तेरडा कमरेएवढा उंच, गुलाबी फुलांनी डवरलेला होता. पाणीही बदललं होतं. नाल्याकडच्या अंगाला तळ दिसायला लागला होता, आणि एक दिवस कुणाची तरी म्हैस येऊन त्यात निवांत बसली. मला वाटलं, आता आपल्याला कुणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

गणपती बसले. पोरगी सुट्टीला घरी गेली, मी शहरात माझ्या घरच्या मोदकांत अडकले. गौरी आल्या त्या संध्याकाळी आत्तींचा फोन आला. त्या फोनवर ख्यालीखुशाली विचारण्यात वेळ घालवत नाहीत.

"तुज्या पोरीची रोपं हिकडं गौरी हून बसल्यात," त्या म्हणाल्या.

मला काही कळलं नाही. मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. आमच्याकडे गौर म्हणजे तेरड्याचीच रोपं. बायका पाणवठ्यावर जातात, तिथली रोपं आणून, मुखवटा लावून, साडी नेसवून घरात बसवतात. तळं नासल्यापासून गावातल्या बायका बाजारातून जुड्या आणायच्या आणि नळाखाली धुऊन त्यांनाच गौर म्हणायच्या. त्या वर्षी पाणी स्वच्छ झालेलं बघून सगळ्यांनी ठरवलं, यंदा गौर तळ्यावरूनच आणायची. आम्हाला कुणी विचारलं नाही. गौर आणायला प्रोफेसरला कशाला विचारायचं?

इथवर ठीक होतं. काठावर बिनदोऱ्याचा तेरडाही भरपूर होता. पण या गावाची एक जुनी रीत आहे, जी मला तोवर माहीत नव्हती. गौर अशी वाटेल तिथून उपटून आणत नाहीत. तिला आधी आवतण द्यावं लागतं. आदल्या दिवशी नाहीतर त्याच सकाळी, आणायच्या रोपांना हळदीचा दोरा बांधायचा, की तुम्ही आमच्याकडे यायचं आहे. आणि हे आवतण द्यायचा मान आमच्या घराचा. आत्तींच्या सासूबाईंनी दिलं, मग आत्तींनी. तळं नासलं, आत्तींचा गुडघा गेला, तशी ती रीत बंद पडली. त्या दिवशी बायका कळश्या घेऊन काठावर पोचल्या तर रांगेनं तेरड्याच्या रोपांना हळदीचे दोरे. पोरीनं सणाला जायच्या आधी बांधलेले, ताजे पिवळे. बायकांना वाटलं, आत्तींनी गुडघ्याची पर्वा न करता यंदा आवतण दिलं. त्यांचा आनंद गगनात मावेना. आत्तींची गौर शेजारच्या सुनेनं घरपोच आणून दिली.

"मी कुंकू लावाय गेलो तर माझाच दोरा की," आत्ती म्हणाल्या. "दोन गाठी हाईत. आता काय करायचं बोल."

मी पोरीला फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, सगळी गेली का? मी म्हटलं, दोरा होता तेवढी सगळी. बिनदोऱ्याच्या एकाही रोपाला बायकांनी हात लावला नव्हता. आवतण नसलेल्याला घरी कसं न्यायचं? एवढी शिस्त मी माझ्या प्रात्यक्षिकाच्या वर्गात कधी बघितलेली नाही. मला राग आला होता, पण तो नेमका कुणाचा करावा ते समजत नव्हतं, आणि अशा वेळी माझा राग भांड्यांवर निघतो. पोरगी रडली नाही. सकाळच्या पहिल्या एसटीनं येते, म्हणाली.

दुसरा दिवस गौरीच्या पूजेचा. गावात शिरताच पुरणाचा वास. आत्तींच्या सोप्यात गौर बसली होती, हिरवी साडी, नथ, गळ्यात आत्तींची बोरमाळ. पोरगी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, कुणीही नमस्काराला बसली आहे असंच म्हणालं असतं, आणि तिनं साडीची कड जराशी वर केली. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. एसटीतून उतरल्यापासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. रोपाची मुळं अख्खी होती, केसाएवढ्या तंतूंसकट, स्वच्छ धुतलेली. आत्ती म्हणाल्या, तुटतील कशी? ती गौरीची पावलं. बायका ओल्या चिखलात हात घालून रोप अलगद मोकळं करतात, कारण लंगडी गौर घरात आणायची नसते.

म्हणजे सगळं संपलेलं नव्हतं. रोपं काही आठवडे आधी निघाली होती, बी धरायच्या आत, तेवढी माहिती बुडाली. पण मुळं शाबूत होती, आणि दोऱ्याच्या गाठींवरून कुठलं रोप कुठल्या चौकोनातलं हे सांगता येत होतं. ती रोपं मिळाली, वाळवून त्यांचं वजन झालं, तर प्रबंध उभा राहत होता. फक्त ती रोपं आता रोपं राहिली नव्हती.

आम्ही घरोघर फिरलो. प्रत्येक घरात आधी बसा, मग खा. पोरगी प्रत्येक गौरीपुढे वाकून गाठी बघायची आणि तोवर तिच्यापुढे पुरणपोळीचं ताट यायचं. काही घरांत दोरा गौरीला नव्हताच, घरातल्या लेकीसुनांनी तो प्रसाद म्हणून मनगटाला बांधला होता. एका नव्या नवरीनं तर दोरा सोडायला साफ नकार दिला. मग पोरीनं तिचा हात हातात घेऊन मनगटावरच्या गाठी वाचल्या, आणि ती नवरी लाजून गोरीमोरी झाली. सगळ्याच बायका हळहळल्या. पण रोपं देणार का, या प्रश्नावर सगळ्यांचं उत्तर एकच होतं, चावडीसमोरच्या काकींना विचारा.

गावातल्या बायका गौरीला जातात ते या काकींच्या मागून. उंच, हाडापेरानं मोठ्या, आणि आवाज असा की तळ्याच्या या काठावरून बोलल्या तर त्या काठावरची म्हैस मान वर करते. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. रोपं कुणाची होती ते कळल्यावर त्यांनी कपाळाला हातही लावला. पण मग म्हणाल्या, "आलेली गौर कुणाला देत न्हाईत, बाई. ती पाण्यालाच जाती."

मी तोंड उघडलं. तीन वर्षांचं काम, आमचं तळं, आमचे दोरे, असं बरंच काही जिभेवर आलं होतं, आणि त्यातला एकही शब्द कामाचा नव्हता. पोरीनं माझी ओढणी मागून ओढली. ती काकींना म्हणाली, तुमचं बरोबर आहे. आमच्यात गौरी नसतात, मला माहीत नव्हतं. पाण्यात गेल्यावर पुढं काय होतं तेवढं सांगा. काकी तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, उद्या बघू. रात्रभर मला त्या दोन शब्दांचा अर्थ लागला नाही.

विसर्जनाच्या दिवशी बारीक पाऊस होता. आत्ती माझ्या नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून तळ्यावर आल्या, एका हातात गौर, दुसऱ्या हातानं मुलाची कॉलर घट्ट धरलेली. किती वर्षांनी त्या तिथं येत होत्या कुणास ठाऊक. आल्या आल्या त्यांनी पाण्याकडे बघितलं आणि पायातल्या चपला काढल्या. पोरगी खाली पाण्याच्या कडेला कापडी पिशव्या घेऊन उभी होती, एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी, अशा वेगवेगळ्या. भिजली होती, चष्म्यावर पाणी होतं. आरती झाली. बायका उतरायला लागल्या, सगळ्यांत पुढं काकी.

काकींनी आपली गौर पाण्यात बुडवली, वर काढली, पुन्हा बुडवली. मग ती निथळती रोपं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मागच्या बायका थांबल्या.

"पाण्याला लागली. गौर गेली आपल्या घरला," काकी म्हणाल्या. "आता ह्ये निर्माल्य. आन् निर्माल्य पाण्यात टाकायचं न्हाई, असा बोर्ड कुणी लावलाय हितं?"

बोर्ड आम्हीच लावला होता. काठावर, लाल अक्षरांत, आणि त्याच्या खाली निर्माल्यासाठी ड्रमही ठेवला होता. गावातल्या कुणीही तो बोर्ड वाचलेला नाही अशी माझी खात्री होती.

"मी लावलाय, काकी," पोरगी म्हणाली.

"मग धर की."

तिनं दोन्ही हात पुढे केले. काकींनी रोपं तिच्या हातांत दिली, ठेवली म्हणायला हवं, इतक्या हळू, की एक तंतूही तुटू नये. मग एकामागून एक सगळ्याच बायका आल्या. बुडवायची, वर काढायची, तिच्या हातात द्यायची. ज्यांनी दोरे काढून घेतले होते त्यांनी रोपाला परत बांधले. नव्या नवरीनं दोरा दिला नाही तो नाहीच, पण दोन गाठी होत्या हं, एवढं तिनं बजावून सांगितलं. मी काठावर उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पाऊस होता म्हणून निभावलं. नंतर रिवाजाप्रमाणे बायकांनी घरात टाकायला काठावरची ओंजळ ओंजळ माती घेतली, नेमकी तिच्या चौकोनांमधून. पोरीनं डोळे मिटून घेतले, आणि मग तिला हसू आवरेना.

रोपं प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये गेली. आत्तींना हे कळल्यावर त्यांनी फोन करून विचारलं, गौरी भाजताय व्हय? पोरीनं त्यांना समजावलं की भाजत नाही, मंद आचेवर वाळवतोय, पापड वाळवतात तसं. वजनं झाली. तेरडा माती धरतो, आणि नाल्याच्या तोंडाशी, जिथं पाण्याला ओढ जास्त, तिथं त्याची मुळं सगळ्यांत दाट होती. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं जे मला छळत होतं. फुलं सरायच्या आधी, एकाच दिवशी, सगळी रोपं का काढली? मी मागच्या खुर्चीवर नखं खात बसले. पोरगी म्हणाली, त्या दिवशी गौरी आल्या, सर. मग तिनं सगळी हकिगत सांगितली, काकींनी बोर्डाचं विचारलं तिथपर्यंत. ते गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी विचार करून एवढंच म्हटलं की असं दर वर्षी होणार असेल तर दर वर्षी मोजता येईल, आणि अशी सलग मोजणी फार थोड्या तळ्यांच्या नशिबात असते.

ती डॉक्टर झाली, वारणानगरला शिकवायला लागली. पुढच्या वर्षी श्रावण सरता सरता आत्तींनी तिला फोन केला. मला नाही, तिला. मी शेजारी बसून कांदा चिरत होते. आत्ती म्हणाल्या, माझा गुडघा काठावर उतरत नाही. आमची ही चिखलाची, हिला रीतभात कळत नाही. गौरीला आवतण तू दे.

आवतणाचा मान माझ्याकडे यायचा होता. मला तो नको होता, इतकी वर्षं मला त्याची माहितीही नव्हती, आणि तरी त्या क्षणी मला हेवा वाटला. चांगला झणझणीत. मग लगेच इतकं बरं वाटलं की कांद्याचं निमित्त पुरलं नाही.

फोन स्पीकरवर होता. पोरगी जरा थांबून म्हणाली, "आज्जी, मी हात जोडणार नाही, पूजा करणार नाही. मी दोरा बांधीन, मोजायला."

"तू मोजाय बांध," आत्ती म्हणाल्या. "आमी आवतण समजतो."

तेव्हापासून तसंच चालू आहे. गौरी यायच्या दिवशी ती वारणानगरहून एसटीनं येते, आधी आत्तींकडे भाकरी खाते, मग गुंडी घेऊन तळ्यावर उतरते. आत्तींना प्लास्टिकच्या खुर्चीवर वरती बसवतात. पोरीला घाई करायला सांगून उपयोग नसतो. ती एकेका रोपाची उंची मोजते, वहीत लिहिते, मगच दोरा बांधते आणि गाठी मारते. यंदा बायका लवकर आल्या. काकी पुढे, मागं सगळ्या, नटूनथटून, डोक्यावर कळश्या. पोरगी अजून मधल्या चौकोनात होती. पाय भरून आले म्हणून कुणी कुरकुर केली तर काकींनी नुसतं वळून बघितलं.

तिनं मान वर केली आणि त्यांना तसं उभं असलेलं बघितलं. तिचा हात क्षणभर थांबला. मला तिच्या आज्जीची आठवण झाली, आणि तिलाही झाली असणार. मग ती पुन्हा खाली वाकली आणि उरलेल्या रोपांना, अजिबात घाई न करता, दोरे बांधायला लागली. तिचं होईपर्यंत सगळं गाव घागरी-कळश्या घेऊन काठावर थांबलं होतं.